हेडफोन घ्यायला अकोल्याला

दिवाळी झाली आणि संध्या खंडारेचा उजवा कान दुखायला लागला. डॉक्टरांनी बॅटरी लावून आत पाहिलं. म्हणाले, आत काही नाही, बाहेरची कातडी सोलवटली आहे, ते हेडफोनचं खूळ थोडे दिवस बंद ठेवा. संध्या हो म्हणाली आणि मलम घेऊन थेट ऑफिसला गेली. आपलं पोटच त्या खुळावर चालतं, हे डॉक्टरांना सांगत बसायचंही तिच्यात त्राण नव्हतं.

अमरावतीतली एक संस्था फोनवरची मदतवाहिनी चालवायची, संध्या तिथे कामाला होती. ज्या घरात कुणी जेवेनासं झालं, बोलेनासं झालं, दिवस दिवस वावरात नुसतं बसून राहायला लागलं, अशा घरांची नावं गावोगावच्या आशाताई कळवायच्या आणि संध्या तिथे फोन लावायची. त्या वर्षी पऱ्हाटीच्या, कपाशीच्या, बोंडाबोंडांत गुलाबी अळी निघाली होती. त्याआधीची वर्षंही धड गेली नव्हती. फोन लावावा तिथे कुणीतरी गप्प बसलेलं. त्या माणसाला बोलतं करायचं आणि ते बोलायला लागलं की ऐकून घ्यायचं. मध्ये तोंड घालायचं नाही, घाई करायची नाही. सुरुवातीला संध्याला हे काम फार आवडायचं. आता संध्याकाळी ऑटोवाल्याने "कुठी जायचं, ताई?" एवढं विचारलं तरी तिला वाटायचं, याने बोलू नये, नुसतं न्यावं.

घर म्हणजे रुक्मिणीनगरात भाड्याची एक खोली आणि मागे स्वयंपाकापुरती पडवी. तिथे तिच्याबरोबर धाकटा भाऊ अश्विन राहायचा. आईबाप, दुर्गाबाई आणि बुधाजी, नांदगाव खंडेश्वरजवळच्या गावात. अश्विन स्पर्धा परीक्षेच्या क्लाससाठी अमरावतीला आला होता. अभ्यासाला लागतो म्हणून एक जुना कॉम्प्युटर घेतलेला. त्यावर तो रोज संध्याकाळी बंदुकांचा खेळ मांडून बसायचा. खेळात त्याच्या जोडीला पातूरचा अजहर नावाचा एक मुलगा असायचा. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं, पण रोज संध्याकाळी ते खांद्याला खांदा लावून लढायचे आणि तोंडाने अखंड बोलत राहायचे.

एका संध्याकाळी संध्या घरात आली, चप्पल काढली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून गोळ्या सुटत होत्या.

"आशू, बंद कर ते. डोकं फुटून राह्यलं माझं."

"आवाज कमीच आहे, ताई."

"दिवसभर लोकाचं ऐकू अन् घरी आली का तुह्या बंदुका ऐकू?"

"मंग हेडफोन घेऊन दे मले," तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला.

"घे. उद्याच घे."

त्याचा तो तसा टोमणाच होता, पण संध्या खरंच म्हणाली होती. अश्विनने खेळ थांबवून तिच्याकडे वळून पाहिलं.

उद्या काही हेडफोन आला नाही. अश्विनने तो विषय अभ्यासालाच घेतला. परीक्षेच्या पुस्तकांना त्याने कधी लावली नसेल एवढी चिकाटी त्याने या कामाला लावली. व्हिडिओ पाहिले, लोकांनी लिहिलेलं वाचलं, अजहरशी वाद घातले. मग जेवताना ताटावर बसून तो संध्याला समजावून सांगायचा.

"स्वस्तातले कानाले चावतात. महागातले आपल्याले कायले पाहिजे? मधल्या भावातच घ्यावा. पण मधल्या भावातच लय फसवतात, ताई. गेमचा म्हणून जो विकतात त्यात नुसता धुमधुम आवाज. गाणं लावलं का गाणाऱ्याचा गळा बसल्यासारखा वाटते. अन् गाण्याचा चांगला घ्यावा तर त्याले माइकच नसते."

"हं."

"खेळात माणूस मांगून आला का डावीकून, हे पावलाच्या आवाजावरून कळलं पाहिजे. नाई कळलं का मेलोच. अन् बिनावायरचा नाई चालत. त्यात आवाज उशिरा पोचते. गोळी लागल्यावर बंदूक ऐकू येते."

"हं... हं."

अश्विन घास हातात धरून थांबला. "ताई, तू ऑफिसातलं हं करून राह्यली."

संध्याला ओशाळल्यासारखं झालं. पोरगं कितीतरी महिन्यांनी आपल्याशी एवढं बोलत होतं आणि आपण फोनवरच्या कुण्या अनोळखी माणसाला द्यावा तसा हुंकार देत होतो.

"नाई रे. सांग. ऐकून राह्यली मी."

"आपल्या दोघाले चालन असाच घ्यायचा आहे. तूही गाणे ऐकत जा. पयले किती ऐकायची तू."

पुढे असं ठरलं की हेडफोन अकोल्याहून आणायचा. अमरावतीची दुकानं डबा उघडू देत नव्हती, आणि कानाला न लावता हेडफोन घेणं अश्विनला पटत नव्हतं. अजहरची मोठी बहीण जहाँआरा अकोल्यात टिळक रोडवर दुकान चालवायची. सासऱ्याच्या काळी ते रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तिथे हवा तो हेडफोन हवा तेवढा वेळ लावून बघता येतो, असं अजहरने सांगितलं होतं.

जानेवारीतला रविवार पाहून दोघं निघाले. संध्याला तो रविवार झोपून काढायचा होता, पण तिने शब्द दिला होता. एसटीत खिडकीशी बसून तिने डोळे मिटले. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, झोप काही आली नाही. मागच्या सीटवरच्या दोन बायका सुनेबद्दल बोलत होत्या आणि संध्याचं डोकं नको असताना त्या सुनेचा विचार करत होतं.

तिला दुसरीही एक धास्ती होती. रिद्धपूरजवळच्या एका खेड्यातले खुशालराव म्हणून गृहस्थ होते. मदतवाहिनीच्या लोकांनी स्वतःचा मोबाईल नंबर कुणाला द्यायचा नाही, असा नियम होता. संध्याने तो पाळलाही होता. मोडला तो फक्त खुशालरावांसाठी. त्यांची संत्र्याची बाग पाण्यावाचून वाळली, तेव्हा त्यांनी ती स्वतः उभं राहून तोडून घेतली. बायको आधीच गेली होती, मुलगी परतवाड्याला नांदत होती. बागेतली पाखरं गेली तेव्हापासून कानात कापूस घातल्यासारखं वाटतं, असं ते एकदा म्हणाले होते. पहिल्या पहिल्या फोनला तर ते "दंडवत" एवढंच म्हणायचे आणि मग गप्प. संध्या त्यांचा श्वास ऐकत बसायची. सुटीच्या दिवशी ऑफिसचा फोन बंद असतो हे कळल्यावर ते इतके घाबरले, की तिने आपला नंबर देऊन टाकला. तेव्हापासून तिचा एकही रविवार तिचा राहिला नव्हता. त्या दिवशीही तिने एसटीत तीनचारदा पर्स उघडून फोन पाहिला.

जहाँआराचं दुकान अरुंद आणि लांबोळकं होतं. काचेच्या काउंटरमागे ती उभी होती, ओढणी कानामागे खोवलेली.

"आओ भाई. अजहरचा फोन आला होता सकाळीच. बोलला, पूरा दिमाग खायेंगे आपका."

अश्विन लाजून हसला. जहाँआराने संध्याला पंख्याखालची खुर्ची दिली आणि काउंटरवर हेडफोन मांडायला सुरुवात केली. पहिला होता लाल दिव्यांचा, तोंडापुढे माइकची दांडी असलेला. अश्विनने आधी खेळाचा आवाज लावून पाहिला. डोळे मिटून तो मान इकडून तिकडे फिरवत होता.

"पावलं एकदम बरोबर. हे डावीकून आले... हे मांगून."

मग त्याने गाणं लावलं आणि त्याचा चेहरा पडला. "गाणं म्हणजे पत्र्याच्या डब्यात."

दुसरा जाळीजाळीचा होता. त्यात गाणं मोकळं वाजायचं, जणू समोर अंगणात कुणी गात आहे. पण त्या जाळीतून टिळक रोडवरचे सगळे हॉर्नही आत यायचे, आणि आतलं गाणं बाहेर जहाँआरालाही ऐकू यायचं.

"एका खोलीत राहता ना तुमी?" ती म्हणाली. "मंग हे काय कामाचं. तुमचा खेळ ताईले ऐकू येईनच."

तिसरा साधा काळा. दिवे नाहीत, माइक नाही. अश्विनने तो लावून बराच वेळ ऐकलं. एकदा खेळ, एकदा गाणं, पुन्हा खेळ. "दोन्ही चांगलं आहे. पावलं त्या लालवाल्यासारखे उठून येत नाईत, पण येतात. फक्त माइक नाई." मग तो वळला. "ताई, तू लावून पाय."

"मले काय समजते त्यातलं."

"लाव तर."

संध्याने केस मागे घेतले तेव्हा जहाँआराला तो सोललेला कान दिसला. "हाय अल्ला! कानाची काय हालत करून ठेवली? वरून दाबणारा लावता वाटते रोज. हा पहा, पूरा कान आत जाते. कापडाची गादी आहे. रेक्झिनवाली आपल्या अकोल्याच्या उन्हात दोन उन्हाळ्यात सोलून निघते." तिने हलक्या हाताने हेडफोन संध्याच्या डोक्यावर बसवला.

आणि अकोला थांबलं.

हॉर्न बुजले. पंख्याची घरघर लांब गेली. समोर अश्विनचे ओठ हलत होते, तिच्यासाठी गाणं शोधतो आहे असं काहीतरी तो म्हणत होता, पण ते तिच्यापर्यंत पोचत नव्हतं आणि तिला त्याचं काही उत्तरही द्यायचं नव्हतं. दुखरा कान त्या मऊ कापडात कशालाही न टेकता मोकळा होता. संध्याने मान मागे भिंतीला टेकवली. अश्विनला गाणं सापडायच्या आत तिला झोप लागली होती.

जागी झाली तेव्हा तोंड कोरडं पडलं होतं. आपण कुठे आहोत हे तिला क्षणभर कळेना. दुकानाच्या पायरीवरचं ऊन उतरून पार रस्त्याच्या पलीकडे गेलं होतं. कुणीतरी पंखा हळू केला होता आणि तिच्या अंगावर एक शाल टाकली होती. जहाँआरा एका गिऱ्हाइकाला बोटाच्या खुणेनेच भाव सांगत होती. संध्या गडबडून उठली, हेडफोन काढला. रस्त्याचा सगळा गोंगाट एकदम अंगावर आला.

"मले उठवायचं ना हो!"

"काहून उठवायचं? खुर्ची कुठं विकायची आहे मले," जहाँआरा म्हणाली. "चहा मागवते. भाई बाहेर आहे, पायरीवर."

अश्विन पायरीवर बसला होता आणि त्याच्या हातात संध्याचा फोन होता.

"कोणाचा फोन होता?"

"खुशालरावचा. दोनदा वाजून वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा उचलला मी."

"तू काहून उचलला? मले उठवायचं सोडून तू काहून उचलला, आशू?"

"उठवायलेच आलो होतो. तुह्याकडे पायलं अन्... नाई उठवलं मंग."

संध्याचा आवाज चढला. रस्त्यावरून जाणारे पाहायला लागले. त्या माणसाशी कसं बोलायचं याची मला सुद्धा शिकवणी घ्यावी लागली होती, चुकीचा एक शब्द गेला तर काय होऊ शकतं हे तुला ठाऊक आहे का, हा काय तुझा खेळ आहे का, असं ती बोलत सुटली. अश्विन मान खाली घालून ऐकत राहिला.

"काय काय बोलला ते सांग. सगळं सांग."

"मी म्हटलं, ताई झोपली. ते म्हणे, दुपारची? मी म्हटलं, हो, हेडफोनच्या दुकानात. मंग ते हासले."

"हासले?"

"जरासेच. मंग म्हणे, झोपू दे तिले. मले वाटलं आता ठेवतीन, पण ठेवेच ना. मंग मीच बोलत राह्यलो. हेडफोनचं सांगतलं."

संध्याने फोन त्याच्या हातातून घेतला आणि तिथेच पायरीवर बसून नंबर लावला.

"दंडवत, संध्याबाई," पलीकडून आवाज आला. "झाली का झोप?"

"झाली, काका. कसे आहात तुम्ही?"

"आहो. बसलो आहो ओट्यावर. तुमचा भाऊ लय बोलते बाप्पा. कोन्ता हेडफोन घ्यावा, कोन्ता घेऊ नये, सारं समजावून सांगतलं त्यानं. मले त्यातलं काईच नाई समजलं. पण मी ऐकत राह्यलो. लय दिवसानं कोनी मले तुमाले कसं वाटते म्हणून नाई विचारलं."

संध्याला हे लागलं. तिने आत्ता फोन लावल्या लावल्या तेच विचारलं होतं, आणि उद्याही तेच विचारणार होती. तरी जे विचारायचं ते विचारावंच लागतं. तिने आवाज सांभाळून विचारलं, "काका, आज जिवाचं बरंवाईट करायचा विचार आला होता का मनात?"

पलीकडून तो ओळखीचा श्वास तेवढा येत होता.

"दुपारी आला होता. म्हणूनच तर लावला फोन. आता नाई."

संध्याने डोळे मिटले. आपण झोपलो होतो तेव्हा हे चाललं होतं. तिने खुशालरावांना पुढचं सगळं नीट विचारलं. घरात आत्ता कोण आहे, शेजारी कोण आहे, रात्री कुणाला सोबत बोलवता येईल. आपण गावच्या आशाताईला, मैनाबाईंना, आत्ताच तुमच्याकडे पाठवतो आणि परतवाड्याला मुलीलाही फोन करतो, असं तिने सांगितलं. मुलीला कशाला, असं ते म्हणाले खरे, पण नको म्हणाले नाहीत.

"एक सांगू का?" शेवटी ते म्हणाले. "भावावर रागावू नोका."

"फोन उचलला म्हणून रागावली होती. आता नाही रागावत."

"फोनचं नाई म्हणून राह्यलो मी. परीक्षेचं."

"परीक्षेचं काय?"

"तुमाले... सांगतलं नाई का त्यानं?" खुशालरावांचा आवाज एकदम पडला. "चुकलोच मंग मी. त्याचं त्याले सांगू द्या. मी काई बोललो नाई असं समजा."

संध्याने फोन ठेवला. आधी मैनाबाईंना लावला. त्या निघाल्याच असं म्हणाल्या. मग परतवाड्याला लावला. मुलगी आधी रडली, मग म्हणाली, आत्ताच्या गाडीने निघते. हे सगळं होईपर्यंत अश्विन दुकानाच्या दारात, आत ना बाहेर असा उभा होता. जहाँआराने दोघांच्या हातात चहा दिला.

"आता बोल," संध्या म्हणाली. "काय सांगतलं तू त्याहिले?"

"एसटीत सांगतो."

"बरं."

चहा संपला. दोघांपैकी कुणालाच आता हेडफोनचा उत्साह उरला नव्हता. एवढ्या लांब आलोच आहोत तर घेऊन जाऊ, अशा जडपणाने ते पुन्हा काउंटरपाशी आले. लाल दिव्यांचा आणि साधा काळा, दोन्ही तिथेच पडून होते.

"काळाच घेऊन टाक," संध्या म्हणाली. "तुले आवडला ना?"

"माइक नाई त्याले."

"माइक एवढा लागतेच का रे खेळाले?"

अश्विन हेडफोनच्या वायरीशी चाळा करत राहिला. "ताई, मी खेळतो कमी. अजहरशी बोलतो जास्त. दिवसभरात तेवढाच बोलतो मी कोणाशी."

हे वाक्य संध्याच्या ओळखीचं होतं. तऱ्हेतऱ्हेच्या आवाजांत ते तिने ऐकलं होतं, खेड्यापाड्यांतून, दुखऱ्या कानात. आपल्याच खोलीत दोन हातांवर बसणाऱ्या पोराच्या तोंडून ते ऐकायला अकोल्याला यावं लागलं.

जहाँआराने ड्रॉवरमधून बोटाएवढा एक माइक काढला. कॉलरला लावायचा, त्याची वायर वेगळी. "हा लावा याच्यासंगं. आवाज साफ जाते. मीच अजहरला दिला आहे, तेव्हापासून पूरा पातूर त्याचा आवाज ऐकून राह्यला."

अश्विनने तो शर्टाला अडकवून आपल्या फोनवर आवाज भरून घेतला. "हॅलो, एक, दोन, तीन. मी अश्विन खंडारे बोलतो." मग हेडफोन घालून ऐकला, आणि संध्याच्या कानांना लावून तिलाही ऐकवला. त्याचा आवाज तिला वाटायचा त्याहून जाड होता, आणि फार थकलेला.

"घेऊ," ती म्हणाली.

परतीच्या एसटीत गर्दी कमी होती. हेडफोनचा डबा अश्विनच्या मांडीवर होता. बोरगाव मंजू गेलं तरी तो काही बोलेना. संध्यानेही विचारलं नाही. गाडीने वेग घेतल्यावर तोच खिडकीबाहेर बघत म्हणाला, "दिवाळीपासून क्लासले नाई गेलो मी."

"मंग रोज सकाळी कुठी जाते?"

"वडाळीच्या तलावावर बसतो. नाई तर लायब्ररीत पेपर वाचतो. पुस्तक उघडलं का अक्षरं नुसती पळतात, ताई. भरतीची जाहिरात निघते, रद्द होते, पुन्हा निघते. पयल्या वेळेस वाटलं होतं होईन. आता वाटतच नाई. बाबाले काय सांगू म्हणून नाई सांगतलं. तुले सांगणार होतो, पण तू घरी आली का अशी भिंतीले टेकून उभी राहते... खुशालरावले कसं काय सांगतलं काय माहीत. ते काईच म्हणेना, नुसते होते पलीकडे. बोलता बोलता निघून गेलं तोंडातून."

अशा वेळी काय म्हणायचं हे संध्याला तोंडपाठ होतं. मी समजू शकते. तुम्ही हे सांगितलं हे फार धाडसाचं आहे. ती वाक्यं जिभेपर्यंत आली आणि तिला त्यांचा वीट आला.

"मलेही कंटाळा आला आहे, आशू," ती म्हणाली. "लय कंटाळा आला. सकाळी तो हेडफोन कानाले लावला का मले वाटते, आज कोणी उचलूच नये."

अश्विनने तिच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत ताईच्या तोंडून त्याने असं काही ऐकलं नव्हतं.

"मंग सोडून दे."

"सोडून काय करू? अन् सोडावं वाटत नाई. थकली आहे फक्त."

मूर्तिजापूरला गाडी थांबली. अश्विनने उतरून भजी आणली. कागदात तेल उतरलं होतं आणि मिरच्या तिखटजाळ होत्या. दोघांनी ती खाल्ली आणि मग बडनेऱ्यापर्यंत जे बोलले ते छोटंछोटंच होतं. बाबांना अश्विनने स्वतः सांगायचं, पुढच्या शनिवारी गावी जाऊन. संध्याने सोबत यायचं, पण मध्ये बोलायचं नाही. क्लास सुटला तो सुटला. संध्याकाळी खेळ संपल्यावर हेडफोन तिचा.

सोमवारी संध्याने ऑफिसात आपल्या वरिष्ठांना, देवमन सरांना, सगळं सांगितलं. स्वतःचा नंबर दिल्याबद्दल तिला बोलणी खावी लागली, आणि ती रास्तच होती. एकट्या माणसाने असा भार उचलायचा नसतो म्हणूनच तो नियम आहे, तू झोपली नसतीस तरी कधीतरी हे होणारच होतं, असं सर म्हणाले. खुशालरावांसाठी मग नीट व्यवस्था झाली. मैनाबाई एक दिवसाआड जाऊ लागल्या, मुलगी काही दिवस माहेरी राहिली, आणि रविवारी कुणाला फोन लावायचा हेही ठरलं. संध्याला आठवडाभराची रजा घ्यायला लावली. ऑफिसातले कान दाबणारे हेडफोन बदलून मिळावेत असा अर्जही तिने दिला. त्यावर काही झालं नाही. तेव्हा ती अश्विनचाच काळा हेडफोन, माइकसकट, दिवसा ऑफिसला नेऊ लागली आणि संध्याकाळी परत आणू लागली. कान हळूहळू बरा झाला.

बुधाजी अश्विनवर रागावले नाहीत, हेच अश्विनला जड गेलं. ते नुसते "बरं" म्हणाले आणि बैलाला पाणी दाखवायला उठले. दुर्गाबाईंनीच मग दोन दिवस तोंड सोडलं. महिन्याभराने अश्विनला नांदगावात सातबारा काढून देणाऱ्या एका केंद्रावर काम मिळालं. फार काही नव्हतं. पण दिवसभर माणसं यायची आणि त्याला बोलावं लागायचं.

ते काम मिळायच्या आधी, फेब्रुवारीत, खुशालरावांना झोपेच्या औषधासाठी अमरावतीला सरकारी दवाखान्यात यायचं होतं. मुलगी परत सासरी गेली होती आणि संध्याला कामावर सुटी नव्हती. अश्विन गेला स्टँडवर त्यांना घ्यायला. दिवसभर तो त्यांच्याबरोबर रांगेत बसला. संध्या संध्याकाळी घरी आली तेव्हा तिला दारात अनोळखी चपला दिसल्या. आत एक उंच, वाळलेला म्हातारा सतरंजीवर बसला होता. फोनवरच्या आवाजाला तिने मनात दिलेला चेहरा अगदी वेगळा होता.

"दंडवत, संध्याबाई," ते म्हणाले, आणि उठायला लागले.

"बसा, काका, बसा."

त्यांनी पिशवीभर तुरीच्या शेंगा आणल्या होत्या. बागेच्या मोकळ्या झालेल्या वावरात मैनाबाईंच्या मुलाने तूर पेरली होती, त्यातल्या. अश्विनने त्या मीठ घालून उकडल्या. तिघं ताटाभोवती बसले. शेंगा सोलायच्या, दाणे तोंडात टाकायचे, टरफलं बाजूला. खुशालराव विशेष बोलले नाहीत. डॉक्टर बरा होता, गोळी एकच दिली, रांग मोठी होती, एवढंच सांगितलं. त्यांची शेवटची गाडी चुकू नये म्हणून अश्विनचं लक्ष घड्याळाकडे होतं.

"अजून घ्या ना," संध्या म्हणाली.

"तुमी खा. दिवसभर काम करून आल्या तुमी."

तिने आणखी मूठभर शेंगा पुढे ओढल्या. त्या अजून गरम होत्या.